दादाच्या नावाचं रक्त

सोनकांबळ्यांच्या घरात अडुसष्ट या आकड्याला आजवर काडीची किंमत नव्हती. गणितात अडुसष्ट पडलेल्या पोराच्या बापाला नरसिंग सर समोर बसवून तासभर ऐकवत, आणि मगच क्लासमध्ये प्रवेश द्यायचा की नाही ते सांगत. आज तोच आकडा सरांच्या स्वतःच्या नावापुढं छापून आला होता. आणि तो चारच्या आत असायला हवा होता, असं त्यांची लेक लुंबिनी सांगत होती.

लुंबिनी सकाळच्या एसटीनं नांदेडहून आली होती. तिथल्या सरकारी दवाखान्यात ती इंटर्न होती, घरातली पहिली डॉक्टर. लातूरभर लागलेल्या क्लासच्या बोर्डांवर बापाच्या शेजारी तिचाही फोटो असायचा. बापाला लघवीचा त्रास आहे हे कळल्यापासून तिनं फोनवर नुसता जीव खाल्ला होता, रक्त तपासा म्हणून. तपासलं, आणि हे असं निघालं.

"पीएसए म्हणजे नेमकं काय, ते एकदा नीट सांग," आनंदराज म्हणाला. हा तिचा थोरला भाऊ. क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा, आणि बाप थकला की क्लास आपला हे त्यानं मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं.

"पुरुषांच्या मूत्राशयाखाली एक ग्रंथी असते, प्रोस्टेट. ती जे तयार करते त्यातलं थोडंसं रक्तात उतरतं. ग्रंथी सुजली, वाढली, की जास्त उतरतं. आठ-दहा आला असता तर मी म्हटलं असतं, वयानं वाढली असेल. अडुसष्ट म्हणजे..."

"कॅन्सर?" हा शब्द नागुबाईनं उच्चारला. आईनं उच्चारल्यावर तो घरात आलाच.

"नुसत्या रक्तावरून पक्कं सांगता येत नाही, आई. तुकडा काढून बघावा लागतो. पण एवढा आकडा उगीच येत नाही. हाडांपर्यंत गेलंय का, तेही बघावं लागेल."

नागुबाईनं पदर तोंडाला लावला. तिचं रडणं मोठ्यानं नव्हतं. बाबासाहेबांच्या फोटोखाली ती जी खाली बसली ती तिथंच, आणि दोन्ही हातांनी आपलेच गुडघे दाबत राहिली. आनंदराजनं डोळे पुसले. लुंबिनी डॉक्टर असल्यानं रडायची नव्हती, पण तिचं नाक लाल झालं होतं.

दाराजवळ भिंतीला पाठ टेकून भीमा बसला होता. नरसिंग सरांचा धाकटा भाऊ. क्लासचं कुलूप उघडणं, बाकं लावणं, घंटा देणं, पोरांच्या पाण्याचे माठ भरणं ही त्याची कामं. त्यानं ही रडारड नीट पाहून घेतली. माणूस गेल्यावर लोक रडतात ते त्याला ऐकू येत नाही. भीमाला ते जिवंतपणी ऐकायला मिळत होतं, कारण त्या नळीतलं रक्त त्याचं होतं.

झालं होतं ते असं. डॉक्टरकडे नरसिंग सर गेले होते, पण डॉक्टरनं हातमोजा चढवून कुशीवर झोपायला सांगितल्याबरोबर ते चपला घालून घरी परतले होते. मग रक्ताची पाळी आली. औसा रोडच्या लॅबमध्ये बाकावर सगळे पालक बसलेले, आणि सरांचं तोंड चौकाचौकातल्या बोर्डावर. सरांना नेमकं कसलं दुखणं आहे, हे दुपारपर्यंत गंजगोलाईच्या बाजारात पोचलं असतं. तसं ते स्वतः म्हणाले. पण खरी गोष्ट एवढीच की त्यांना भीती वाटत होती, आणि ती भीती आयुष्यात त्यांनी कुणाला दाखवली नव्हती.

"भीमा, तू जा," त्यांनी माठापाशी गाठून सांगितलं होतं. "नुस्तं रक्त तर द्यायचंय. नाव माझं सांग."

"दादा, पण रक्त तुझं लागंल ना?"

"आपलं रक्त काय येगळं हाय का? एका मायचे लेकरं आपण. तुला न्हाई तर मला बी न्हाई. पोरीचं समाधान झालं की बास."

बारावीच्या पोरांना शक्यता आणि संभाव्यता शिकवणारा माणूस हे बोलला. आणि भीमा गेला, कारण दादानं सांगितलेलं त्यानं कधी मोडलं नव्हतं. त्याचं तोंड कुठल्याच बोर्डावर नव्हतं. लॅबवाल्यानं नाव विचारलं, भीमानं दादाचं सांगितलं, वय दादाचं सांगितलं. सुई टोचली तेवढी मात्र त्याला टोचली.

"अप्पा, कंबर दुखते का तुमची?" लुंबिनी आता डॉक्टरासारखी विचारू लागली होती. "पाठीच्या कण्यात? मांड्यांमध्ये?"

"न्हाई," सर म्हणाले.

"वजन कमी झालंय?"

"उलट वाढलंय."

"रात्री उठावं लागतं?"

"ते लागतं. दोनदा, तीनदा."

भीमा मनातल्या मनात उत्तरं देत होता. कंबर दिवाळीपासून दुखत होती. बाकं उचलून दुखत असेल म्हणून तो क्लास सुटल्यावर मलम चोळायचा. पँटीचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. रात्री तो उठायचा, आणि बराच वेळ उभा राहून परत यायचा. एकेक उत्तर जुळत गेलं तसा त्याचा हात आपोआप कंबरेकडे गेला. तोपर्यंत त्याला वाटत होतं की यंत्र चुकलं असेल.

त्यानं दादाकडे पाहिलं. आकडा ऐकल्यावर दादाच्या तोंडावर काय आलं होतं, ते बाकी कुणाला कळलं नव्हतं. सगळ्यांना तो धीर वाटला होता. नागुबाई म्हणालीसुद्धा, बघा कसं दगडावानी बसलेत. भीमाला कळलं होतं, ती सुटका होती. घडीभरच आली आणि दादानं लगेच मान खाली घातली, पण आली होती.

"हैदराबादला न्यायचं," आनंदराज म्हणाला. "मात्र बाहेर कुठं बोलायचं नाही. सीईटी तोंडावर आलीय, जूनमध्ये प्रवेश सुरू होतील. सरांना असं काही झालंय म्हटलं की समोरचे दोन क्लास आपली पोरं ओढायला टपलेत."

"तुला बापापरीस बॅच मोठी झाली का रे?" नागुबाईनं पदर काढून विचारलं.

"आई, बॅच आहे म्हणून हैदराबाद आहे."

"दादा, जूनपर्यंत थांबायची ही गोष्ट नाही," लुंबिनी भावाला म्हणाली.

"थांबा कोण म्हणतंय? गाजावाजा नको म्हणतोय. आणि मला इथून हलता येणार नाही. अप्पांबरोबर नाना जातील."

नानांकडे, म्हणजे भीमाकडे, तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांनी पाहिलं.

"हाव, भावजी जातील," नागुबाईला ते पटलं. लेकावरचा राग तिथल्या तिथं विरला. "त्येंच्या मागं तरी कोण हाय? ऱ्हातील दवाखान्यात महिना-दोन महिने."

बाई मनानं वाईट नव्हती. भीमाला इतकी वर्षं गरम भाकर तिनंच वाढली होती. पण खरं बोलणं असं निष्काळजीपणानं येऊन लागतं, आणि लागलेल्याला हूं की चूं करता येत नाही.

त्याच्या मागं खरंच कोणी नव्हतं. त्र्याण्णव साली गणपती उठले त्या रात्रीची, भूकंपाची पहाट. औसा तालुक्यातलं त्यांचं गाव झोपेतच दगडामातीखाली गेलं, आणि भीमाची बायको आणि चार वर्षांची लेक त्याच खोलीत त्याच्या हाताच्या अंतरावर गेली. नरसिंग तेव्हा लातुरात साधे शाळामास्तर होते. कुणाची तरी मोटारसायकल मागून ते आले आणि दिवस मावळेपर्यंत हातांनी दगड काढत राहिले. बाकीचे म्हणत होते, सोडा मास्तर, आता काही नाही. मास्तरांनी सोडलं नाही. त्यांची नखं गेली, पण भीमा बाहेर निघाला. त्या दिवसापासून भीमाचा असा हिशेब होता की आपला जन्म तिथं संपला, आणि पुढचा जो आहे तो दादाचा. दादा सांगेल तिकडे जायचं.

"हे बघा," नरसिंग सर खाकरले. क्लासमध्ये खाकरले की पोरं गप्प होत, तसं घर गप्प झालं. "एका पेपरावर कुणाचा निकाल लावत न्हाईत. पुन्हा एकदा तपासा. मग हैदराबाद म्हना, काय म्हनायचं ते म्हना."

"बरोबर आहे," लुंबिनी लगेच म्हणाली. "आत्ताच काढते. मी स्वतः. आणि नांदेडहून दुसऱ्या लॅबला पाठवते."

तिनं पिशवीतून सुई आणि रबरी पट्टा काढला. नरसिंग सरांनी सदऱ्याची बाही वर केली आणि हात पुढे केला, न कचरता. नागुबाईनं तोंड फिरवलं. आनंदराजनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. नळीत काळसर रक्त भरत गेलं, आणि भीमाला हळूहळू उमगलं की हे काय चाललंय. हे रक्त स्वच्छ निघणार. पहिला रिपोर्ट खोटा ठरणार. आणि खोट्या ठरलेल्या रिपोर्टाबरोबर भीमाचं दुखणंही घरातून नाहीसं होणार, कुणी ते नीट पाहण्याच्या आधी.

संध्याकाळी तो दादाच्या मागं गच्चीवर गेला. खाली गल्लीत पाठीवर दप्तरं घेतलेली पोरं एका क्लासमधून निघून दुसऱ्यात शिरत होती. अहमदपूरची, हदगावची, हिमायतनगरची पोरं. एकेका खोलीत सहा-सहा जणं राहायची आणि रडायची ती रविवारी घरच्यांचा फोन आला की.

"दादा, आता सांगून टाक."

"सांगतो. रिपोर्ट तर येऊ दे."

"कुणाचा?"

नरसिंग कठड्यावर हात ठेवून खाली बघत बोलले. "दरसाली पहिल्या दिवशी काय सांगतो मी पोरांला? परीक्षा ज्याची त्यानं द्यायची. त्या सावकाराच्या पोरानं आपल्या जागी बसवलेल्या डमीला पेपर चालू असताना दंडाला धरून काढलं म्या, आख्ख्या लातुरानं पाह्यलं. लुंबिनीला काय सांगू आता? तुझ्या बापानं रक्ताला डमी बसवला?"

"तिला राग येईल. मग जाईल बी."

"तुला ठाव न्हाई ती. तिला वाटतं, तिच्या बापाला भ्याव म्हणून न्हाईच." ते वळले. "भीमा, तुला मी सोडतो का? माझा रिपोर्ट आला, घरातलं निवलं, की तुला गपचूप सोलापूरला नेतो. कंबरेसाठी म्हणून. काय लागंल ते करतो. बाबासाहेबाची आण."

"गपचूप काहून?" भीमानं विचारलं.

दादा जिन्याकडे निघाला. भीमानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. ज्या हातांची नखं आपल्यापायी गेली त्या हातांना किती बोलणार?

पुढचे दिवस त्यानं रोजच्यासारखे काढले. घंटा दिली, माठ भरले. आपलं काय उरलंय, गेलो तर कुणाचं अडतंय, असं स्वतःला समजावत राहिला, आणि समजूत पटतेय असं त्याला वाटलंही. मग एका दुपारी वहाणेचा अंगठा तुटला म्हणून तो गोलाईत गेला. दुकानदारानं दोन जोड पुढं टाकले. भीमानं जाड तळव्याचा उचलला आणि सवयीनं विचारलं, "तीन-चार वर्सं टिकंल ना?"

"आरामात, मामा," दुकानदार म्हणाला.

भीमा तो जोड हातात धरून तसाच उभा राहिला. तीन-चार वर्षं. आपल्याला ती पाहिजेत, हे त्याला त्या दुकानात कळलं. कुणासाठी नाही, कशासाठी नाही, नुसती पाहिजेत. इतकी वर्षं मेल्यासारखा वावरलेल्या माणसाला हे कळावं ते आत्ता, याची त्याला भयंकर लाज वाटली, आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून तो एकटाच रडला.

रविवारी लुंबिनी आली ती फाटकातूनच हसत.

"दोन पूर्णांक एक! अप्पा, दोन पूर्णांक एक!"

नागुबाईनं तिथल्या तिथं हात जोडले आणि येत्या पौर्णिमेला विहारात खीर वाटायचं कबूल करून टाकलं. आनंदराज पायांत चपला न घालताच कोपऱ्यावरून पेढे घेऊन आला. बापाच्या गळ्यात पडला, आईच्या पडला, भीमाच्याही पडला. शेजारच्यांना काही सांगता येत नव्हतं, कारण त्यांना आधीचं माहीतच नव्हतं. म्हणून घरातलीच माणसं एकमेकांना पुन्हा पुन्हा पेढे भरवत होती.

"त्या लॅबवाल्याला कोर्टात खेचतो," आनंदराज म्हणाला. "माणसं मारतील हे असे."

"चहा घे आधी," नागुबाई म्हणाली. तिनं सगळ्यांना चहा दिला, भीमालाही दिला.

लुंबिनीनं कप घेतला, पण प्यायली नाही. तिचं हसू मावळत चाललं होतं. "मला वाटलं होतं, सूज असेल, ती उतरली असेल," ती म्हणाली. "पण अडुसष्टवरून दोनवर एवढ्या थोड्या दिवसांत, औषध न घेता? तसं होत नाही. नळ्यांची अदलाबदल झालीय."

"तेच तर म्हणतोय मी. कोर्टात खेचतो."

"अरे दादा, तू ऐकत नाहीस. अदलाबदल झाली म्हणजे तो अडुसष्टवाला माणूस कुणीतरी आहेच. त्याला यांनी चांगला रिपोर्ट देऊन घरी पाठवलं असेल. तो आत्ता कुठंतरी निवांत चहा पीत बसला असेल."

भीमानं कप खाली ठेवला.

"अशानं तो माणूस मरेल," लुंबिनी उठली. "आत्ता कळलं तर गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत, काही वर्षं नक्की मिळतात. मी लॅबला फोन करते. त्या दिवशीचे सगळे शोधायला लावते."

"ऱ्हाऊ दे, लुंबिनी," नरसिंग सर म्हणाले.

"असं कसं राहू दे, अप्पा?"

"लोकांच्या पोटावर पाय कशाला आणायचा? चूक झाली, झाली. आपलं निभावलं ना?"

"कोर्टाचं नंतर बघू," आनंदराजनं बापाकडे बघितलं, मग बहिणीकडे, आणि या खेपेला तो बहिणीच्या बाजूला गेला. "पण करू दे की फोन. मलाही त्यांना चार शब्द सुनवायचेत."

"चांगल्या दिवशी दुसऱ्याचं मरण कशाला घरात आणता रे?" नागुबाई नवऱ्याच्या बाजूची झाली.

लुंबिनीनं ऐकलं नाही. ती फोनपाशी गेली आणि रिपोर्टावरचा नंबर फिरवू लागली. भीमानं दादाकडे पाहिलं. इतकी वर्षं दादानं सांगायचं आणि त्यानं करायचं, असं चाललं होतं. आज त्याला दादाकडून काही नको होतं, फक्त आपलं नाव दादाच्या तोंडून ऐकायचं होतं. नरसिंग सर उठले, खोक्यातला एक पेढा उचलला आणि भीमाच्या जवळ येऊन त्याच्या तोंडापुढं धरला.

"खा, भीमा," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती, आणि ती विनवणी काय आहे ते भीमाला स्वच्छ कळलं.

भीमानं तो हात हळूच बाजूला केला.

"हॅलो," लुंबिनी फोनवर म्हणत होती, "मी डॉक्टर सोनकांबळे बोलतेय..."

"फोन ठेव, बाई," भीमा म्हणाला. "त्या माणसाला ठाव हाय."

तिला नीट ऐकू आलं नाही. तिनं फोनवर हात ठेवला. "काय म्हणालात नाना?"

"त्या माणसाला ठाव हाय म्हनलं."

"तुम्ही ओळखता त्याला?"

"वळखतो." त्याचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "लई दिवस त्यानं मनाला समजावलं, आपल्या मागं कोण हाय, गेलो तर गेलो. पण न्हाई जमलं त्याला. त्याला जगायचंय गं."

फोनमधून कुणीतरी हॅलो, हॅलो करत होतं. लुंबिनी भीमाकडे बघत राहिली, मग तिनं बापाकडे पाहिलं. नरसिंग सर हातात पेढा घेऊन उभे होते. त्यांनी मान वर केली नाही, तेव्हा तिला सगळं कळलं.